देवीच्या चाकरीतली दोन माणसं

(अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतील एकल महिलांच्या गटांचे एक शिबिर अलीकडे झाले. त्यात ‘जोगवा’ हा चित्रपट दाखवण्यात आला. त्यानंतर झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



सिनेमा संपल्यावर दिवे लागले तेव्हा बऱ्याच जणी पदरानं डोळे पुसत होत्या. मागच्या रांगेतल्या दोघी-तिघी मात्र ते गाणं गुणगुणत होत्या. त्यात वावगं काही नाही. हरिहरन आणि श्रेया घोषाल या दोघांनाही त्या एकाच गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे, आणि आपल्याकडे लग्नाच्या व्हिडिओत ते हमखास असतं. पण नवरा-नवरीच्या फोटोंमागे वाजणारं हे गाणं ज्या दोघांचं आहे, त्यांना लग्न करायची मुळी परवानगीच नव्हती. ही गोष्ट मंगल कार्यालयातून बाहेर पडताना कुणाच्या ध्यानात राहत असेल असं मला वाटत नाही. म्हणून आज गाणं थोडं बाजूला ठेवू आणि त्या दोघांकडे बघू.

ज्या उशिरा आल्या त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘जोगवा’ २००९ साली आला. दिग्दर्शक राजीव पाटील. हा मोठ्या जाणिवेचा माणूस २०१३ मध्ये ऐन चाळिशीत गेला. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा यांवरून संजय कृष्णाजी पाटील यांनी पटकथा बांधली. सुलीचं काम मुक्ता बर्वेनं केलं, तायप्पाचं उपेंद्र लिमयेनं. ५६व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सामाजिक प्रश्नावरचा उत्कृष्ट चित्रपट आणि उत्कृष्ट अभिनेता हे दोन्ही मान ‘जोगवा’ला मिळाले.

सुलीच्या केसांत जट होते. गाव म्हणतं, यल्लम्मा आली, पोरीला देवीला सोडा. तायप्पाला लघवीतून रक्त जातं. गाव म्हणतं, हीसुद्धा देवीचीच खूण. धडधाकट तरुण पोराच्या अंगावर साडी चढवतात आणि त्याचा जोगता करतात. एक जोगतीण, एक जोगता. दोघांच्या गळ्यात देवीच्या नावाची माळ, डोक्यावर देवीचा जग, हातात परडी. दोघंही देवीची चाकरी करणारे. एकाच वाटेनं फिरता फिरता त्यांचा एकमेकांवर जीव जडतो.

मी मुद्दाम ‘चाकरी’ म्हणते. देवदासीचा विषय निघाला की आपण धर्म, रूढी, अंधश्रद्धा हे शब्द वापरतो. ते बरोबरच आहेत. पण जोगवा मागणं हे काम आहे. त्याचे वार ठरलेले, मंगळवार आणि शुक्रवार. किमान पाच घरं फिरायचीच. यात्रेला डोंगरावर जायचं, चौंडकं वाजवायचं, लोकांच्या घरच्या कार्याला देवीची गाणी म्हणायची. पगार म्हणजे सुपातलं धान्य. या कामाला निवृत्ती नाही आणि राजीनामा तर नाहीच. त्यांची मनं जुळायला सुरुवात होते ती शेजारी काम करणाऱ्यांची जुळतात तशीच. रोज एकत्र चालायचं, एकत्र थकायचं, आणि आपल्याला काय भोगावं लागतं ते दुसऱ्याला सांगावं न लागता कळायचं.

आता एकटेपणाचं बघा. जोगतिणीच्या पाया पडायला सगळे येतात. लग्नकार्यात तिचा मान असतो. ती अखंड सुवासिनी, कारण तिचा नवरा देव. तरी पंगतीत तिच्या शेजारी बसायला कुणाला नको असतं, आणि रात्री तिच्या दारावर थाप मारायला गावातल्या पैसेवाल्याला कुणी अडवत नाही. जोगत्याचंही तसंच. बायका त्याला पुरुष मानत नाहीत, पुरुष त्याला आपल्यात घेत नाहीत. पाया पडायचं आणि दूर ठेवायचं, ही दोन्ही कामं गाव एकाच हातानं करतं.

इथं दुसऱ्या एका सिनेमाची आठवण सांगते. इल्डिको एन्येडी या हंगेरियन दिग्दर्शिकेच्या ‘ऑन बॉडी अँड सोल’ या चित्रपटाला २०१७ साली बर्लिनच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. बुडापेस्टमधला एक कत्तलखाना. तिथं एन्द्रे नावाचा हिशेबाचा प्रमुख आहे, त्याचा एक हात निकामी. मारिया ही मांसाची प्रत तपासायला नव्यानं आलेली. कुणाचा स्पर्श तिला सहन होत नाही आणि जेवणाच्या सुट्टीत ती एकटी बसते. कत्तलखान्यात एक चोरी होते, तिच्या तपासासाठी मानसतज्ज्ञ सगळ्यांना प्रश्न विचारते, आणि त्यातून उघड होतं की या दोघांना रोज रात्री एकच स्वप्न पडतं. बर्फातल्या जंगलात एक नर हरीण आणि एक मादी. दोघंही बुजरी, तिरसट, स्वतःत मिटलेली. ती एकमेकांपर्यंत कशी पोचतात, एवढीच गोष्ट.

सुंदर सिनेमा आहे, पण बघताना मला सारखी सुली आठवत होती. मारिया आणि एन्द्रे यांना अडवणारं बाहेर कुणी नाही. भिंत त्यांच्या आत आहे, आणि ती ओलांडली की पलीकडं नुसतं एक घर आणि सकाळचा नाश्ता आहे. सुली-तायप्पाच्या आत भिंत नव्हतीच. त्यांना भरपूर माणसं हवी होती, घर हवं होतं. त्यांचा एकटेपणा गावानं बैठक घेऊन, वाजतगाजत, भंडारा उधळून तयार केला. शहरातल्या मासिकांतून एकटेपणावर हल्ली जे लिहून येतं, त्यात या दुसऱ्या प्रकाराचा उल्लेख क्वचित असतो.

आपल्यातल्या कुणी म्हणेल, ताई, हे कोल्हापूर-बेळगावकडचं. वऱ्हाडात कुठं यल्लम्मा? सौंदत्तीची यल्लम्मा म्हणजेच रेणुका, आणि माहूरच्या रेणुकेला न जाणारं घर आपल्या दोन जिल्ह्यांत शोधावं लागेल. कित्येकींची ती कुलदेवता आहे. तिची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती रोज नदीवरून जमदग्नींसाठी पाणी आणायची. एके दिवशी पाण्यात क्रीडा करणारं गंधर्वाचं जोडपं तिनं पाहिलं आणि क्षणभर तिचं मन चळलं. तेवढ्या अपराधासाठी नवऱ्यानं मुलाला तिचं शीर उडवायला सांगितलं, आणि परशुरामानं ते उडवलं. काही लोककथांत असंही सांगतात की आईवर हात उगारायला नकार देणाऱ्या मुलांना बापानं शाप देऊन नपुंसक केलं, आणि जोगते त्यांचे वारस.

म्हणजे या सगळ्या प्रथेच्या मुळाशी काय आहे? एका बाईच्या मनात क्षणभर आलेली इच्छा आणि तिला झालेली शिक्षा. त्याच बाईला देवी केलं आणि तिच्या नावानं हजारो पोरींना इच्छाच नसावी अशी व्यवस्था उभी केली.

आणखी एक. जमदग्नी मारले गेले तेव्हा रेणुका विधवा झाली. म्हणून मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला जोगतिणी बांगड्या फोडतात. पुढं अहेव पुनव येते, जमदग्नी पुन्हा जिवंत होतात, देवी पुन्हा सवाष्ण होते आणि जोगतिणी पुन्हा चुडा भरतात. दर वर्षी. देवीचं वैधव्य काही आठवड्यांत संपतं आणि ते संपलं याचा सगळे आनंद करतात. इथं बसलेल्या किती जणींची अहेव पुनव झाली?

(सभागृहात हशा आणि मग शांतता.)

मला या चित्रपटाबद्दल एक तक्रारही आहे. तायप्पाला साडी नेसवतात तेव्हाचा त्याचा अपमान आपल्याला टोचतो. उपेंद्र लिमयेनं तो अवघडलेपणा, ती चीड खांद्यापासून पावलापर्यंत दाखवली आहे. साडी अंगावर आल्याबरोबर रस्ता बदलतो, नजरा बदलतात, कुणीही अंगाला हात लावू शकतं, हे त्या पुरुषाला काही दिवसांत कळतं. आपल्याला ते कळायला जन्मावं लागतं तेवढंच. इथपर्यंत सिनेमा आपल्या बाजूनं आहे. पण पुढं पुढं साडी म्हणजे नामुष्की आणि ती फेकून पुन्हा पुरुष होणं म्हणजे मुक्ती, असं समीकरण तयार होतं. तायप्पाच्या मेळ्यात असेही जोगते असतील ना, ज्यांना त्या साडीतच आपण आपण आहोत असं वाटतं? ज्यांना घरात कधी नेसू दिली नाही, ती देवीच्या नावानं नेसता आली? त्यांच्याकडं बघायला चित्रपटाला सवड नाही. तृतीयपंथी व्यक्तींना आपलं लिंग स्वतः ठरवण्याचा अधिकार आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं, हा चित्रपट त्याच्या पाच वर्षं आधीचा. तरी मुद्दा जुनाच आहे. वस्त्राचा प्रश्न नाही, ते कुणाच्या मर्जीनं अंगावर आलं याचा आहे. याच सुमारास आलेल्या ‘नटरंग’मध्येही नाच्या झालेल्या पुरुषाची तडफड आहे. तिथंही कॅमेऱ्याला शेवटपर्यंत त्याच्या मर्दानगीचीच काळजी. हे मी बोलते कारण आपल्या शिबिरातही तृतीयपंथी मैत्रिणी येतात आणि सिनेमा संपल्यावर त्या गप्प होत्या, ते मी पाहिलं.

जट आणि लघवीतलं रक्त यांवर फार वेळ घालवत नाही. बहुतेक वेळा केस विंचरले-धुतले नाहीत की त्यांचा गुंता होतो, त्यात तेल-धूळ बसते आणि त्याचा नमदा होतो. कात्रीनं तो निघतो. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या अनेक ठिकाणी बायकांची भीती घालवून, घरच्यांना समजावून जटा कापतात. मान मोकळी झालेली बाई आधी रडते आणि मग डोकं खाजवते. लघवीतून रक्त गेलं तर मुतखडा असेल, जंतुसंसर्ग असेल, आणखी काही गंभीर असेल. लघवी तपासली पाहिजे. गाडगेबाबांच्या जिल्ह्यात हे वेगळं सांगावं लागू नये, पण मेळघाटात पोटफुगीवर तान्ह्या बाळाच्या पोटाला डागण्या देतात, तेव्हा सांगावं लागतं.

मला जास्त वेळ हवा आहे तो कायद्याला आणि आपल्या स्वतःच्या कामाला.

सुलीला लग्न करता येत नव्हतं, असं मी सुरुवातीला म्हटलं. गावाच्या कायद्यानं नव्हतं. सरकारच्या कायद्यानं? शाहू महाराजांनी १९२० साली कोल्हापूर संस्थानात जोगतिणी-मुरळ्यांच्या प्रथेविरुद्ध कायदा केला. मुंबई इलाख्यात १९३४ चा देवदासी संरक्षण कायदा झाला. त्यानं मुलगी देवाला वाहणं बेकायदेशीर ठरवलंच, शिवाय देवदासीनं केलेलं लग्न केवळ ती देवदासी आहे म्हणून अवैध होणार नाही आणि तिची मुलं अनौरस ठरणार नाहीत, असं स्पष्ट म्हटलं. पुढं कर्नाटकानं १९८२ साली आणि महाराष्ट्रानं २००५ साली नवे कायदे केले. १९७५ साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद झाली, त्या स्वतः बोलू लागल्या. म्हणजे सुली-तायप्पाच्या बाजूनं कागद होता. पण तो घेऊन त्यांच्याबरोबर चालायला कुणी नव्हतं.

दुसरा कागद तुमच्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जासाठी तहसील कार्यालयात आपण किती चपला झिजवल्या! त्या योजनेत कोण कोण बसतं त्याची यादी कधी सलग वाचली आहे का? विधवा, परित्यक्ता, अत्याचारित महिला, वेश्या व्यवसायातून सुटलेल्या महिला, पस्तिशी ओलांडलेली अविवाहित स्त्री, देवदासी, तृतीयपंथी. सुली आणि तायप्पा दोघंही एकाच यादीत, दोन-चार शब्दांच्या अंतरावर! आणि त्यांच्या शेजारी तुम्ही. घराच्या चौकटीबाहेर पडलेली, कुणाच्या नावावर न लावता येणारी माणसं सरकारनं एका ठिकाणी गोळा केली आहेत. आपण तिथं पैशांसाठी जातो, ते मिळालेच पाहिजेत. पण विधवा म्हणून लागलेलं अनुदान लग्न केलं की थांबतं. सोबत मिळाली म्हणजे निराधारपण संपलं, असा तो हिशेब. नवरा असूनही निराधार असलेल्या बायका याच सभागृहात निम्म्या असतील.

आपल्या संघटनांनी एकल बाईसाठी खूप केलं. सातबाऱ्यावर नाव लावलं, रेशनकार्ड वेगळं काढून दिलं, शिलाई मशीन दिली, शेळ्या दिल्या. हेरवाड हे कोल्हापूर जिल्ह्यातलं गाव. तिथल्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनानं तो कित्ता सगळ्या ग्रामपंचायतींपुढं ठेवला. आपल्या गटांनीही ठराव घेतले, हळदीकुंकवाला एकत्र बसलो. पण एकल बाईला कुणाची सोबत हवीशी वाटली तर? आपल्या सर्वेक्षणाच्या फॉर्मवर ‘उत्पन्नाचे साधन’ आहे, ‘शौचालय आहे काय’ आहे. ‘तुम्हाला जोडीदार हवा आहे काय’ असा प्रश्न मी एकाही संस्थेच्या फॉर्मवर पाहिलेला नाही.

एक गोष्ट सांगते, गाव-नाव विचारू नका. आपल्याकडं दिवाळीनंतर जिनिंगचा हंगाम सुरू होतो. एका जिनिंगमध्ये एक ताई कापसातली कवडी वेचायला जायची. नवऱ्यानं कर्जापायी जीव दिलेला, मुलगी बारावीला. तिथंच काट्यावर वजन लिहिणारा एक माणूस होता. पंचेचाळिशीचा, पोलिओनं एक पाय बारीक झालेला, अविवाहित. शेती करणाऱ्या धडधाकट पोराला आज मुलगी मिळत नाही, तिथं याला कोण देणार? जेवणाच्या सुट्टीत बायका एका बाजूला बसायच्या, पुरुष एका बाजूला. ही बायकांत बसेना, कारण तिला बघितलं की नवऱ्याचाच विषय निघायचा. तो पुरुषांत बसेना, कारण त्याला बघितलं की लग्नाची थट्टा व्हायची. दोघं वेगवेगळ्या कोपऱ्यात डबा खायचे. एक दिवस कोपरा एकच झाला.

ती मला म्हणाली, “ताई, लोकं म्हंतात आमी काय बोलत असतो. काईच नाई ओ. तो म्हनते, आज भाजी चांगली झाली. बारा वर्षांत मले कोनं असं म्हनलं नोयतं.”

दीर चवताळला, यात नवल नाही. “शेत सोड अन् कुठं जाचं थे जाय,” म्हणाला. मला बोचलं ते बचत गटाच्या बैठकीत घडलेलं. आपल्याच बायका, त्यांतल्या तिघी स्वतः विधवा, म्हणाल्या, “हिच्यापाई गटाची इज्जत गेली, हिचं नाव कमी करा.” मी त्यांना विचारलं, गटाचा पैसा बुडवला का तिनं? नाही. हप्ता चुकवला का? नाही. मग इज्जत कशानं गेली? कुणी बोलेना. शेवटी एक म्हातारी म्हणाली, “आमी एवढी वर्सं दाबून ठेवलं, मंग हे काहून सुटते?” इतकं खरं उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही. गावानं घातलेली अट आपण स्वतःच्या अंगात इतकी मुरवून घेतो की पुढं पहारा देण्याचं कामही आपणच पत्करतो. सुलीवर सगळ्यात कडक पहाराही देवीच्याच बायकांचा असतो, कारण एक सुटली तर बाकीच्यांनी आयुष्य कशासाठी दिलं, हा प्रश्न उभा राहतो.

तिचं नाव गटात राहिलं. दोन बैठका भांडण झालं, पण राहिलं.

शेताचं मात्र सगळ्यांनी नीट ऐका, कारण दीर जे म्हणाला ते गावोगाव म्हणतात आणि बायका घाबरून गप्प बसतात. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यात अट होती की पुन्हा लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जाईल. तो कायदा आता रद्द झालेला आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्याचा मृत्यू होतो त्याच वेळी त्याच्या वाट्यातला बायकोचा हिस्सा तिच्या मालकीचा होतो, आणि नंतर तिनं लग्न केलं म्हणून तो परत जात नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली हे स्पष्ट केलं आहे. हा कायदा बौद्ध भगिनींनाही लागू आहे. मुस्लिम कायद्यातही विधवेला मिळालेला हिस्सा पुढच्या लग्नानं जात नाही. म्हणून आधी तलाठ्याकडं वारस नोंदीचा फेरफार झाला का ते बघा. सातबाऱ्यावर आपलं नाव आहे का, की नुसतं दिराचं आणि सासऱ्याचं आहे, ते बघा. प्रेमाबिमाचं नंतर.

त्या ताईनं फेरफार करून घेतला. लग्नाचं विचारलं तर म्हणते, मुलीची बारावी होऊ द्या. तो अजून काट्यावरच आहे. हंगाम संपला की भेटी बंद, कारण गावात बसायला जागा कुठली? देवळाच्या पारावर पुरुष, विहिरीवर बायका. ज्यांना जिनिंगच्या शेडमध्ये एक कोपरा मिळाला, त्यांचा तोच संसार, तोही चार महिन्यांचा.

‘जोगवा’च्या शेवटी सुली आणि तायप्पा सगळं झुगारून एकमेकांचे होतात. पडद्यावर भंडाऱ्याचा पिवळा रंग देखणा दिसतो, संगीत चढतं, आपल्याला हायसं वाटतं. मला मात्र दुसऱ्या दिवशीची सकाळ बघायची होती. ती दोघं कुठल्या गावात राहिली? घर भाड्यानं कुणी दिलं? जग आणि चौंडकं टाकल्यावर पोटाला काय करत होती? सुलीला कधी जोगव्याच्या पाच घरांची आठवण झाली का? चित्रपटाला हे विचारणं कदाचित अन्यायाचं असेल, पण आपलं काम त्या सकाळपासूनच सुरू होतं.

चहाला अजून पंधरा मिनिटं आहेत. ज्यांना शेवट पटला नाही त्यांनी आधी बोला. आणि ज्या मघाशी गप्प बसल्या होत्या, त्यांना माईक पहिल्यांदा द्या.